पासवर्ड कधी तपासायचा: डेटाबेसला जोडणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. होम मैदानावर पाळण्यांचा आणि भोंग्यांचा एवढा गलका की फोन वाजलेला ऐकूच आला नाही, खिशात थरथरला म्हणून काढला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅचमधून होता. दारात ट्रक उभा, गाठी चढवून झालेल्या, आणि मालासोबत द्यायचं चलन निघेना.

"सर, सर्व्हरशी संपर्क नाही म्हणतंय. राऊटर तीनदा बंद-चालू केलो, काय होईना."

"प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आहे का बघ."

"हिरवाच हाय की सर."

तो हिरवा ठिपका मीच बसवलेला, सर्व्हरशी जोडणी आहे हे दाखवायला. झालं होतं असं: सोमवारी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि चारही पीसींवर जाऊन सेटिंग फाइलीत नवा पासवर्ड स्वतः लिहिला. डिस्पॅचचा प्रोग्रॅम तेव्हा चालू होता, तो तसाच चालू राहिला आणि तीन दिवस चलनं काढत राहिला. गुरुवारी दुपारी वीज गेली, यूपीएसनेही दम सोडला, सगळं बंद. वीज आल्यावर प्रोग्रॅम उघडला, ठिपका हिरवा झाला, आणि संध्याकाळी सातला पहिल्याच चलनाला घोडं अडलं. कारण पासवर्डच होता. पडद्यावर मात्र "सर्व्हरशी संपर्क नाही".

पासवर्ड चुकीचा असणं ही पाच मिनिटांची दुरुस्ती. पण ती चूक तीन दिवसांनी, अंधार पडल्यावर, ज्याच्याकडे पासवर्डच नाही अशा माणसासमोर उघडी पडली. हा दोष प्रोग्रॅमचा, म्हणजे माझा. त्यानंतर मी एक नेम धरला: युजरनेम-पासवर्डची परीक्षा अशा वेळी घ्यायची की चूक निघालीच तर ती दुरुस्त करू शकणारा माणूस समोर बसलेला असेल. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते आता क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घेऊ. पासवर्ड बरोबर की चूक हे आपला प्रोग्रॅम ठरवत नाही, ते सर्व्हरच ठरवतो, आणि तेही फक्त नवं कनेक्शन उघडताना. आपल्या हातात एवढंच असतं की सर्व्हरला ते कधी विचारायचं, आणि उत्तर आल्यावर काय करायचं.

पायरी १: आपली लायब्ररी लॉगिन नेमकं कधी करते ते पाहा

इथे लायब्ररीगणिक तऱ्हा वेगळी आहे. पीएचपीच्या पीडीओमध्ये ऑब्जेक्ट तयार होतानाच लॉगिन होतं आणि पासवर्ड चुकला तर त्याच ओळीवर एरर येते. जावामध्ये ड्रायव्हर-मॅनेजरकडून कनेक्शन मागितलं की तसंच. गो भाषेतला प्रकार उलटा: डेटाबेस "ओपन" करणारं फंक्शन नावापुरतं ओपन, ते सहसा सर्व्हरकडे जातच नाही. खरं लॉगिन "पिंग" केल्यावर किंवा पहिल्या क्वेरीला होतं. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत इंजिन तयार केलं तरी पहिलं कनेक्शन मागेपर्यंत काहीच घडत नाही. डॉटनेटमध्येही कनेक्शनचा ऑब्जेक्ट बनवणं वेगळं आणि तो उघडणं वेगळं.

मोंगोडीबी या डेटाबेसचा पायथन ड्रायव्हर, म्हणजे सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी, तर खास बघण्यासारखा. पायमोंगोच्या ३.० आवृत्तीपासून क्लायंटचा ऑब्जेक्ट लगेच हातात येतो आणि सर्व्हर शोधण्याचं काम मागे स्वतंत्रपणे चालतं. सर्व्हर जिवंत आहे का हे पाहणारी जी कनेक्शनं असतात, ती लॉगिन करतच नाहीत. म्हणजे ड्रायव्हरला सर्व्हर ठणठणीत दिसतो, आणि पासवर्ड चुकीचा आहे हे मात्र पहिल्या खऱ्या कामापर्यंत कुणाला पत्ता नसतो. माझा हिरवा ठिपका वेगळ्या डेटाबेसचा होता, पण जात हीच. पूल म्हणजे उघडलेली कनेक्शनं जपून पुन्हा पुन्हा वापरायला देणारा साठा; त्याचा ऑब्जेक्ट तयार झाला की मी ठिपका हिरवा करत होतो.

कागदपत्रं वाचत बसण्यापेक्षा प्रयोग करा. सेटिंग फाइलीत मुद्दाम चुकीचा पासवर्ड लिहा, प्रोग्रॅम चालवा आणि एरर कुठल्या ओळीवर येते ते बघा. पाच मिनिटांत कळतं. फक्त हे सापळे सांभाळा:

प्रयोग दुसऱ्या पीसीवरून करा, सर्व्हरच्याच पीसीवर बसून नको. पोस्टग्रेसच्या पीजी-एचबीए फाइलीत, म्हणजे कुणाला कसं आत घ्यायचं ते लिहिलेल्या फाइलीत, त्याच पीसीसाठी "ट्रस्ट" अशी ओळ असेल तर सर्व्हर पासवर्ड विचारतच नाही, काहीही लिहा, चालतं. उबुंटूवरच्या मायएसक्यूएलमध्ये रूट, म्हणजे मुख्य युजर बऱ्याचदा सॉकेटवरून, म्हणजे त्याच पीसीवरच्या लॉगिनवरून ओळखला जातो, तिथेही पासवर्डला अर्थ नसतो. शिवाय मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचा युजर "लोकलहोस्ट"साठी, म्हणजे त्याच पीसीवरून येणाऱ्यासाठी एक आणि बाहेरून येणाऱ्यासाठी दुसरा असू शकतो. दोघांचे पासवर्ड वेगळे असले की एका पीसीवर चालतं, दुसऱ्यावर नाही, आणि माणूस चक्रावून जातो.

ओरॅकल असेल तर हा प्रयोग चालू कामाच्या युजरवर अजिबात करू नका. का, ते पायरी ५ मध्ये.

पायरी २: सेटिंगच्या पडद्यावरच पहिली परीक्षा

पासवर्ड भरणारा माणूस त्या क्षणी खुर्चीत बसलेला असतो. याहून चांगली वेळ नाही. "जतन करा" दाबल्यावर नवं कनेक्शन उघडा, लॉगिन होऊ द्या आणि प्रोग्रॅमला लागणाऱ्या एखाद्या टेबलमधून एक ओळ वाचून बघा. नुसत्या लॉगिनवर थांबू नका, कारण पासवर्ड बरोबर असूनही त्या डेटाबेसवर हक्क नसू शकतो. मायएसक्यूएल त्याला १०४४ नंबरची एरर देतं, पासवर्ड चुकल्यावर १०४५. एका आकड्याचा फरक, पण दुरुस्ती पूर्ण वेगळी. मोंगोडीबीत आणखी एक गंमत आहे: युजर ज्या डेटाबेसमध्ये तयार केला तो "ऑथ-सोर्स" म्हणून सांगावा लागतो. तो चुकला तर पासवर्ड अक्षर न् अक्षर बरोबर असूनही लॉगिन फसतं आणि एरर तीच येते, नंबर १८.

ही तपासणी पूलमधून करू नका. पूल जुनं, आधीच लॉगिन झालेलं कनेक्शन हातात देईल आणि चुकीच्या पासवर्डलाही "छान" म्हणेल. ताजं कनेक्शन उघडा, तपासा, बंद करा.

सर्व्हरच बंद असेल तर जतन करू द्यायचं का? मी करू देतो, पण पिवळ्या अक्षरात "तपासलेलं नाही" असं लिहून. पासवर्ड चुकीचा असल्याचं सर्व्हरने सांगितलं तर मात्र जतन करत नाही.

पायरी ३: प्रोग्रॅम सुरू होताना एक खरं लॉगिन, आणि दोन एररमधला फरक

इथे जरा थांबून वाचा, सगळी गोम इथे आहे.

प्रोग्रॅम उघडला की पहिलं काम म्हणजे एक खरं लॉगिन आणि एक छोटी क्वेरी. ती झाली तरच ठिपका हिरवा. वेळेची मर्यादा घाला. मी पाच सेकंद ठेवतो. ड्रायव्हरच्या भरवशावर राहिलात तर पायमोंगो सर्व्हर शोधण्यात ३० सेकंद घालवतो, आणि जावातला हिकारी पूल कनेक्शनसाठी मूळ सेटिंगप्रमाणे तेवढाच वेळ थांबतो. तीस सेकंद गोठलेला पडदा बघून कुणीही पीसीचं बटण दाबून बंद करतो. हिकारीचं एक चांगलं आहे: सगळी सेटिंग देऊन पूल तयार केला तर तो तिथेच एक कनेक्शन उघडून बघतो, आणि जमलं नाही तर प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. काही लोक ते कटकट म्हणून बंद करतात. राहू द्या.

ही परीक्षा फसली तर कारणं दोन जातींची असतात, आणि दोघांना दोन वेगळी वागणूक द्यावी लागते.

पहिली जात: सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही, किंवा पोचलो पण तो अजून तयार नाही. सोलापुरात वीज जाऊन आली की सगळे पीसी एकदम उठतात, आणि डिस्पॅचचा पीसी बहुतेक वेळा सर्व्हरच्या आधी तयार होतो. पोस्टग्रेस अशा वेळी ५७पी०३ हा कोड देतो, म्हणजे "मी उठतोय, थांबा". कनेक्शनची जागाच शिल्लक नसेल तर ५३३००. मायएसक्यूएलमध्ये जागा भरल्याचा नंबर १०४०, आणि सर्व्हर सापडलाच नाही तर २००३. या सगळ्यांवर उपाय एकच: थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. आधी दोन सेकंद, मग चार, मग आठ, असं वाढवत एका मिनिटापर्यंत.

दुसरी जात: सर्व्हर भेटला, त्याने नीट ऐकून घेतलं आणि "तू तो नव्हेस" म्हणाला. पोस्टग्रेसमध्ये २८पी०१ किंवा २८०००, मायएसक्यूएलमध्ये १०४५, ओरॅकलमध्ये ओआरए-०१०१७, एसक्यूएल सर्व्हरमध्ये १८४५६, मोंगोडीबीत १८. एसक्यूएलच्या प्रमाणित कोडांमध्ये २८ ने सुरू होणारा गट याच कामासाठी राखलेला आहे. इथे पुन्हा प्रयत्न करून काही होणार नाही. पासवर्ड आठव्यांदा विचारल्याने बरोबर होत नाही. थांबा आणि माणसाला सांगा.

फरक ओळखताना एररचं वाक्य शोधू नका, कोड बघा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही सर्व्हर दुसऱ्या भाषेतही संदेश देऊ शकतात, आणि आवृत्ती बदलली की वाक्यरचनाही बदलू शकते. कोड टिकतात.

युजर अस्तित्वात नाही की पासवर्ड चुकला, हे क्लायंटला, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला, कळावं म्हणून धडपडू नका. पोस्टग्रेस मुद्दाम दोन्हीला एकच उत्तर देतो, नाहीतर बाहेरच्याला युजरांची नावं चाचपून काढता आली असती. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. एसक्यूएल सर्व्हरही क्लायंटला १८४५६ च्या पुढे काही कळू देत नाही, पण त्याच्या लॉगमध्ये "स्टेट" ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५ म्हणजे युजर नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि एक मोह टाळा. सर्व्हर चालू आहे का हे बघायला पोस्टग्रेससोबत "पीजी-इज-रेडी" येतं, मायएसक्यूएलसोबत "मायएसक्यूएल-ॲडमिन पिंग". दोन्ही कामाची, पण पासवर्ड तपासण्यासाठी निरुपयोगी. पीजी-इज-रेडीला बरोबर पासवर्डची गरजच नसते. मायएसक्यूएलवालं तर सर्व्हरने "प्रवेश नाही" म्हटलं तरी यश कळवतं, कारण नाही म्हणायला का होईना सर्व्हर जागा होता ना! यावर हिरवा ठिपका बांधलात तर माझ्यासारखी फजिती ठरलेली.

मागे गुपचूप चालणाऱ्या सेवेला, समजा रात्रीच्या बॅकअपला किंवा वजनकाट्यावरून आकडे घेणाऱ्या सर्व्हिसला, समोर पडदाच नसतो. तिथे दुसऱ्या जातीची एरर आली की ठरावीक एक्झिट कोड देऊन प्रोग्रॅम संपवा. लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीला "या कोडवर संपला तर पुन्हा सुरू करू नकोस" असं सांगता येतं, ते सांगा. नाहीतर ती सेवा मरत-उठत रात्रभर चुकीचा पासवर्ड ठोकत बसेल.

पायरी ४: चालू कामात

दर क्वेरीआधी पुन्हा लॉगिन करून खात्री करावी का, असा प्रश्न नवीन मुलं हमखास विचारतात. नको. लॉगिन मुद्दाम महाग ठेवलेलं असतं. पोस्टग्रेसच्या स्क्रॅम पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. दोन्ही बाजू त्याचं गणित मांडून एकमेकांना पटवतात, आणि त्या गणितात मूळ सेटिंगप्रमाणे ४०९६ फेऱ्या असतात. मोंगोडीबीच्या स्क्रॅम-शा-२५६ मध्ये १५००० फेऱ्या. चोराला पासवर्ड अंदाजाने शोधणं जड जावं म्हणून हे केलेलं आहे. दर चलनाला तुम्ही स्वतःच ते ओझं कशाला उचलता? वर पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला सर्व्हरवर एक नवी प्रोसेस काढतो. म्हणून पूल ठेवायचा, आणि पूल जेव्हा नवं कनेक्शन उघडतो तेव्हा लॉगिन आपोआप होतंच.

पण याची दुसरी बाजू म्हणजे माझे ते तीन दिवस. सर्व्हरवर पासवर्ड बदलला तरी आधी उघडलेली कनेक्शनं चालूच राहतात. पोस्टग्रेसमध्ये पासवर्डला मुदत घातली तरी ती लॉगिनच्याच वेळी पाहिली जाते. हिकारी मूळ सेटिंगप्रमाणे कनेक्शन साधारण ३० मिनिटांत बदलतो, म्हणजे चूक अर्ध्या तासात कळते. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन २८८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतं. पण मध्ये कुणी काम करत राहिलं तर तेही नाही. माझ्या पूलला वयाची मर्यादाच नव्हती. आता तीस मिनिटं आहे. तुम्हीही घाला, कारण त्यामुळे पासवर्डची चूक पासवर्ड बदलल्याच्या त्याच दुपारी वर येते, तुम्ही अजून कारखान्यातच चहा पीत असताना.

पूलने नवं कनेक्शन उघडताना पासवर्ड कुठून घ्यायचा, हेही ठरवा. सुरुवातीला वाचून डोक्यात ठेवलेला की दर वेळी फाइलीतून ताजा? क्लाउडवर तर काही वेळा ताजा घेण्यावाचून मार्गच नसतो. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेत पासवर्डऐवजी आयएएम टोकन, म्हणजे थोड्या वेळापुरता मिळणारा परवाना, वापरलं तर ते १५ मिनिटं चालतं. झालेलं कनेक्शन पुढेही टिकतं, पण सोळाव्या मिनिटाला नवं कनेक्शन त्याच टोकनवर उघडत नाही. तिथे सुरुवातीची परीक्षा पास होऊन काही सिद्ध होत नाही. प्रत्येक नव्या कनेक्शनला नवं टोकन देणारं फंक्शनच लावावं लागतं.

पायरी ५: चुकीचा पासवर्ड ठोकत राहिल्यावर काय होतं

ओरॅकलच्या मूळ प्रोफाइलमध्ये, म्हणजे युजरला लागू होणाऱ्या नियमांच्या संचात, दहा वेळा लॉगिन फसलं की खातं एक दिवसासाठी कुलूपबंद होतं. तुमचा प्रोग्रॅम दर पाच सेकंदांनी प्रयत्न करत असेल तर पन्नास सेकंदांत खेळ खलास. मग बरोबर पासवर्ड असलेले बाकीचे पीसीही ओआरए-२८००० घेऊन बाहेर उभे. एका पीसीच्या चुकीने अख्खं खातं बंद! मायएसक्यूएलमध्ये ८.०.१९ पासून असं कुलूप लावता येतं. पोस्टग्रेसमध्ये ते मुळात नाही, पण लॉगमध्ये कचरा साठतो आणि खरा हल्ला त्यात दडून जातो.

डॉटनेटवर एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: पूलमध्ये लॉगिन फसलं की पुढचे पाच सेकंद तो सर्व्हरला न विचारताच तीच एरर पुन्हा देतो, आणि हा काळ वाढत एका मिनिटापर्यंत जातो. सर्व्हरवर पासवर्ड दुरुस्त करूनही एरर दिसली तर घाबरून पुन्हा बदलू नका. मिनिटभर थांबा.

पायरी ६: पासवर्ड बदलायचा दिवस

सगळ्या पीसींवर एकाच क्षणी पासवर्ड बदलणं माणसाला जमत नाही. म्हणून काही काळ दोन पासवर्ड चालतील अशी सोय करा. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून बदलताना "सध्याचा पासवर्डही राहू दे" असं सांगता येतं, आणि सगळीकडे नवा बसल्यावर जुना टाकून देता येतो. ओरॅकल २१सी मध्येही जुना-नवा काही काळ सोबत चालवता येतो. पोस्टग्रेसमध्ये मी दोन युजर ठेवतो, दोघांना एकाच रोलचे, म्हणजे हक्कांच्या एकाच गटाचे हक्क, आणि आलटून पालटून वापरतो. फक्त टेबलांची मालकी रोलच्या नावावर ठेवा, नाहीतर पुढच्या बदलात अडकाल.

मग प्रत्येक पीसीवर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. "उद्या सकाळी उघडतील तेव्हा होईलच" हे म्हणू नका, मी तेच म्हटलं होतं. शेवटी सर्व्हरवरून जुनी कनेक्शनं तोडा आणि पंधरा मिनिटं तिथेच बसा. दुपारी करा, ट्रक लागण्याआधी.

पायरी ७: पडद्यावर काय लिहायचं

तीन वेळा बंद-चालू झालेल्या राऊटरला न्याय देण्यासाठी आता माझा संदेश असा आहे: "डेटाबेस सर्व्हर चालू आहे, पण या पीसीवरचा पासवर्ड त्याला मान्य नाही. राऊटर किंवा पीसी बंद-चालू करून उपयोग नाही. ऑफिसला कळवा." खाली बारीक अक्षरात युजरचं नाव, सर्व्हरचा पत्ता, एररचा कोड आणि प्रोग्रॅमने पासवर्ड ज्या फाइलीतून वाचला तिचा पूर्ण पत्ता. पासवर्ड कुठेही नाही, लॉगमध्येही नाही. कनेक्शनची अख्खी ओळ लॉगमध्ये छापायची सवय असेल तर ती आजच मोडा, बऱ्याचदा तिच्यातच पासवर्ड असतो.

फाइलीचा पत्ता छापायची अक्कल त्या रात्रीच आली. मी तिथे पोचलो, डी ड्राइव्हवरची सेटिंग फाइल उघडली, तर तिच्यात नवा पासवर्ड माझ्याच हाताने लिहिलेला. अर्धा तास सर्व्हरवर शोधत बसलो. मग डिस्पॅचवाल्या पोराने सहज सांगितलं की डेस्कटॉपवरचा आयकॉन वेगळ्या फोल्डरचा आहे, मागच्या दिवाळीत पीसी दुरुस्त करणाऱ्याने प्रोग्रॅमची एक प्रत तिथेही ठेवली होती.